बडनेरा ते लंडन, हिशेबाने

“लंडनले जायले किती लागते, भाऊ?” बडनेऱ्यात हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. विचारणाऱ्यांत रेल्वेतून निवृत्त झालेले आहेत, नव्या वस्तीतले शिक्षक आहेत, संत्र्याचा बगीचा असलेले शेतकरीही आहेत. बऱ्याच जणांच्या मनात लंडनचा एकच पत्ता असतो: १०, किंग हेन्रीज रोड. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये जिथे राहिले ते हे घर. महाराष्ट्र शासनाने ते २०१५ साली विकत घेतलं आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला ते स्मारक म्हणून खुलं झालं. आत जायला पैसे पडत नाहीत. तिथवर पोचायला पडतात, आणि तो हिशेब नीट समजला तर मध्यमवर्गीय घरालाही लंडन अशक्य नाही, असं माझं ठाम मत आहे.

लंडनचा बहुतेक खर्च तीन जागी जातो: विमान, व्हिसा आणि रात्री टेकायची खोली. तिन्ही गोष्टी बडनेऱ्यात बसूनच ठरतात. तिकडे उतरल्यावर पाव खाऊन दिवस काढले तरी फार काही वाचत नाही, कारण पाहण्यासारखं बरंचसं मुळातच फुकट आहे. तेव्हा बचत करायची ती निघण्याच्या चार महिने आधी.

सुरुवात पासपोर्टापासून. त्यासाठी नागपूर गाठावं लागत नाही, अमरावतीला टपाल खात्याच्या पासपोर्ट केंद्रात काम होतं. मोठ्या माणसाच्या ३६ पानी पासपोर्टाची साधी फी १,५०० रुपये आणि मुदत १० वर्षं. आधार कार्ड, पॅन कार्ड आणि बँकेचं पासबुक यांवर नाव एकसारखं आहे का, हे अर्ज करण्याआधी तपासा. आपल्याकडे एका कागदावर वडिलांचं नाव मधे असतं, दुसऱ्यावर नसतं, तिसऱ्यावर आडनाव आधी येतं. पुढे व्हिसाच्या वेळी हीच गोष्ट त्रास देते.

मग तारखा. जुलै-ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या शाळांना सुट्ट्या असतात, डिसेंबरात नाताळ, म्हणून या दोन्ही वेळी विमान आणि खोली दोन्ही महाग. वऱ्हाडातल्या शाळा मात्र उन्हाळ्यामुळे जूनच्या अखेरीपर्यंत बंद असतात. त्यामुळे मे महिन्याचे पहिले तीन आठवडे आणि जूनची सुरुवात आपल्यासाठी उत्तम. मेच्या शेवटच्या आठवड्यात तिकडच्या शाळांना छोटी सुट्टी असते, तेवढा आठवडा टाळावा. या दिवसांचा आणखी एक फायदा फारसा कोणी सांगत नाही. मेमध्ये लंडनला सूर्य रात्री साडेआठ-नऊला मावळतो. खोलीचं भाडं जानेवारीतही द्यायचं आणि मेमध्येही, पण जानेवारीत दुपारी साडेचारलाच अंधारतं. त्याच पैशात मेचा दिवस दुपटीने वापरता येतो. बडनेऱ्यात तेव्हा पारा ४४ वर असतो, म्हणून स्वेटर घ्यायचं कोणाच्या मनातही येत नाही. ते घ्या, शिवाय पावसाचं जाकीटही.

आता व्हिसा, कारण लोक इथेच सर्वात जास्त अडखळतात. पॅरिस, रोम, व्हिएन्ना यांना शेंगेन व्हिसा लागतो आणि त्याची फी जून २०२४ पासून ९० युरो आहे. लंडन त्यात येत नाही, ब्रिटनचा व्हिसा वेगळा. “आलोच आहे तर पॅरिसही करून घेऊ” असं म्हटलं की दुसरी फी, दुसरी कागदपत्रं आणि दुसरी फेरी. पहिल्या प्रवासात एकच शहर करावं, असं मी सांगतो.

ब्रिटनच्या सहा महिन्यांच्या पर्यटक व्हिसाची फी एप्रिल २०२५ मध्ये १२७ पौंड झाली. ती बहुधा एप्रिलमध्ये वाढते, म्हणून अर्ज भरताना ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावरचा त्या दिवशीचा आकडा पाहावा. अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो आणि निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात. अर्ज ऑनलाइन भरायचा. बोटांचे ठसे आणि फोटो द्यायला मात्र मुंबई किंवा पुण्याच्या केंद्रात जावं लागतं, त्या जाण्यायेण्याचा खर्चही हिशेबात धरा. व्हिसा नाकारला तर फी परत मिळत नाही.

नाकारला जातो तो का? अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्याला दोनच गोष्टी पटायला हव्यात. हा माणूस आपल्या पैशाने फिरेल, आणि फिरून झाल्यावर घरी परतेल. नोकरदाराला हे दाखवणं सोपं: पगाराच्या पावत्या, सहा महिन्यांचं बँक विवरण आणि कार्यालयाने दिलेलं रजेचं पत्र. निवृत्त माणसाला पेन्शनचे कागद. शेतकऱ्याची अडचण वेगळी आहे. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून बऱ्याच जणांनी विवरणपत्र कधी भरलेलंच नसतं. पैसा येतो तोही वर्षातून एकदा-दोनदा, कापूस किंवा संत्रा विकल्यावर, एकदम. पैशाचा व्यवहार ज्याने पगाराच्या चष्म्यातूनच पाहिला आहे, त्याला अशी अचानक आलेली मोठी रक्कम उसनी वाटते. म्हणून बाजार समितीची विक्रीची पट्टी जोडा, सातबारा जोडा, आणि एका साध्या पत्रात लिहा की ही रक्कम अमुक तारखेला अमुक क्विंटल माल विकून आली. खात्यात पैसा आला तो दिवस आणि पट्टीवरची तारीख जुळली की शंका उरत नाही.

इथे एक नियम लक्षात ठेवावा. इंग्रजी किंवा वेल्श भाषेत नसलेल्या प्रत्येक कागदाचं प्रमाणित भाषांतर लागतं. भाषांतर अचूक असल्याची ग्वाही, तारीख, भाषांतरकाराचं पूर्ण नाव आणि संपर्क त्यावर हवा. मराठी सातबारा नुसता जोडला तर तो वाचलाच जाणार नाही. नातेवाइकाकडून महिनाभरासाठी पैसे घेऊन खातं फुगवण्याचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. तो घेऊ नका. खोटा कागद किंवा खोटं विधान सापडलं तर पुढची दहा वर्षं ब्रिटनचं दार बंद होऊ शकतं.

व्हिसासाठी विमानाचं तिकीट आधी काढलेलं असणं सक्तीचं नाही. उलट, निर्णय येईपर्यंत पैसे गुंतवू नयेत हेच शहाणपणाचं. म्हणून क्रम असा ठेवावा: तीन महिने आधी अर्ज, फुकटात रद्द करता येईल अशी खोली लगेच राखून ठेवणं, आणि व्हिसा हातात आला की त्याच आठवड्यात तिकीट.

तिकीट मुंबईहून घ्यावं की नागपूरहून? बडनेऱ्याहून मुंबई रेल्वेने सुमारे ६६० किलोमीटर, नागपूर सुमारे १७५. मुंबई-लंडन थेट विमानाला नऊ-दहा तास लागतात आणि तिथे कंपन्यांत स्पर्धा असल्याने भाव बरा मिळतो. नागपूरहून दोहामार्गे जाता येतं. वयस्कर आईवडील बरोबर असतील तर ही वाट सोयीची, पण दोन्ही भाव शेजारी ठेवून मगच ठरवावं. युरोपातल्या एखाद्या विमानतळावर विमान बदलायचं असेल, तर तिथे ट्रान्झिट व्हिसा लागतो का हे तिकीट काढण्यापूर्वी पाहा. स्वस्त तिकिटापायी विमानतळावरूनच परत फिरायची वेळ येऊ नये.

जाण्याच्या तिकिटापेक्षा येण्याचं महाग का, हेही लोक विचारतात. ब्रिटन आपल्या भूमीवरून उडणाऱ्या प्रत्येक प्रवाशाकडून हवाई कर घेतो. भारतापर्यंतच्या अंतरासाठी साध्या वर्गाला तो २०२५-२६ मध्ये माणशी ९० पौंड होता. मधे दोहाला उतरलात तरी एकाच तिकिटावर कर शेवटच्या मुक्कामाच्या अंतराने लागतो, त्यामुळे त्यातून सुटका नाही. पण साध्या वर्गातून जाणाऱ्या १६ वर्षांखालच्या मुलांना तो माफ आहे. दोन मुलं घेऊन जाणाऱ्या घराने तिकिटात मुलांचा हा कर वगळलेला आहे ना, एवढं बघून घ्यावं.

मुंबईला जायला रात्रीची अंबा एक्सप्रेस आपल्या सोयीची. संध्याकाळी बडनेऱ्याला बसायचं, सकाळी सीएसएमटी. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो सीएसएमटीपासून थेट विमानतळाच्या टी-टूपर्यंत जाते, त्यामुळे टॅक्सीचा खर्च आणि अंधेरीच्या रस्त्यावरची घालमेल दोन्ही वाचतात. फक्त त्याच दिवशी दुपारच्या आतलं विमान घेऊ नका. गाडीला दोन-तीन तास उशीर होणं ही काही अघटित गोष्ट नाही. रात्रीचं विमान घ्यावं, किंवा आदल्या दिवशी पोचावं. बेलोऱ्याच्या विमानतळावरून एप्रिल २०२५ पासून मुंबईचं विमान सुरू झालं आहे. अंबेचं आरक्षण मिळालं नाही तर तोही विचार करावा.

आता खोली. सबंध प्रवासात सर्वात जास्त डोकं इथे लावावं. लंडनमध्ये दोघांची साधी, स्वच्छ खोली रात्रीला ८० ते ११० पौंड धरून चालावी. शहर मधल्या क्रमांक १ पासून बाहेरच्या ६ पर्यंत वाहतुकीच्या पट्ट्यांत वाटलेलं आहे आणि बाहेर जावं तशी खोली स्वस्त होते. पण बाहेर जावं तसं प्रवासाचं भाडं वाढतं. २०२५ च्या दरांनी पट्टा १-२ मध्ये दिवसभर कितीही फिरलात तरी जास्तीत जास्त ८.९० पौंड कापले जात, पट्टा १ ते ४ मध्ये १२.८०. दोघांचा रोजचा फरक ७.८० पौंड. शिवाय जाऊन-येऊन रोजचा तास-दीड तास. म्हणजे चौथ्या पट्ट्यातली खोली रात्रीला पाच पौंडांनी स्वस्त असेल तर ती प्रत्यक्षात महाग आहे. पंचवीस-तीस पौंडांनी स्वस्त असेल तर जरूर घ्यावी.

एकट्याने किंवा तरुण मंडळींनी जायचं असेल तर वायएचए या युवा वसतिगृह संस्थेच्या शहरात शाखा आहेत. तिथे खाट भाड्याने मिळते, काही शाखांत स्वयंपाकघरही असतं. जूनच्या मध्यानंतर जाणाऱ्यांना आणखी एक वाट आहे: लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स सुट्टीत आपल्या विद्यार्थी वसतिगृहांच्या खोल्या पाहुण्यांना देते. बाबासाहेब जिथे शिकले त्या संस्थेच्या वसतिगृहात राहायचं, यातला आनंद मी पौंडांत मोजू शकत नाही.

हीथ्रोला उतरल्यावर पहिली परीक्षा. समोर जलद रेल्वेची पाटी दिसते. तिचं ऐनवेळचं तिकीट २५ पौंडांच्या घरात आहे आणि ती पॅडिंग्टनला सोडते. त्याच विमानतळाखालून पिकॅडिली मार्गाची भुयारी गाडी निघते, तिला तिकडे ट्यूब म्हणतात. ती तासाभरात शहराच्या मध्यात नेते आणि २०२५ मध्ये तिचं भाडं ५.८० पौंड होतं. वेगळं तिकीट काढावं लागत नाही. स्पर्शाने चालणारं बँक कार्ड फाटकाला लावायचं, उतरताना पुन्हा लावायचं. उतरताना विसरलात तर सर्वात मोठं भाडं कापलं जातं. प्रत्येक माणसाचं कार्ड वेगळं हवं. नवराबायकोने एकच कार्ड दोनदा लावलेलं चालत नाही. सकाळी कार्ड आणि दुपारी फोन असंही करू नये, यंत्राला ते दोन वेगळे प्रवासी वाटतात आणि दिवसाच्या मर्यादेचा फायदा जातो.

कार्ड कोणतं? पौंडात भरलेलं फॉरेक्स कार्ड सर्वात बरं. साध्या क्रेडिट कार्डावर बऱ्याच बँका प्रत्येक खरेदीमागे ३.५ टक्क्यांपर्यंत जादा घेतात. दुकानातलं यंत्र “रुपयांत कापू की पौंडांत” असं विचारेल, तेव्हा दर वेळी पौंड निवडा. रुपये आपले वाटतात, पण तो दर दुकानदाराच्या बँकेने लावलेला असतो आणि तो आपल्याला तोट्यात घालतो.

शहरात फिरायला बस. लंडनच्या बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे चालत नाहीत, कार्डच लागतं, आणि तेही फक्त चढताना लावायचं. एका फेरीला १.७५ पौंड, अंतर कितीही असो. पहिल्या स्पर्शापासून तासाभरात दुसऱ्या, तिसऱ्या बसमध्ये चढलात तर वेगळे पैसे नाहीत. दिवसाला ५.२५ पौंडांपुढे काही कापलं जात नाही, आणि सोमवार ते रविवार या आठवड्याला २४.७० पुढे नाही. हे २०२५ चे दर. आठवडा सोमवारी सुरू होतो, म्हणून लंडनला रविवारी रात्री किंवा सोमवारी पहाटे पोचावं. गुरुवारी पोचलात तर तुमचे आठ दिवस दोन आठवड्यांत विभागले जातात आणि आठवड्याच्या मर्यादेचा लाभ मिळतच नाही. ११ वर्षांखालच्या मुलांना बस फुकट, मोठ्यांबरोबर ट्यूबही फुकट. दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर सर्वात पुढची जागा मिळाली की शहर दाखवणाऱ्या महागड्या पर्यटक बसची गरज उरत नाही.

आणि आता ज्यासाठी जायचं ते. ब्रिटिश म्युझियमला प्रवेशमूल्य नाही, आगाऊ वेळ ऑनलाइन राखून ठेवली की रांग टळते. शुक्रवारी ते रात्री साडेआठपर्यंत उघडं असतं. तिथे ३३-अ क्रमांकाच्या दालनावर ‘अमरावती’ हे नाव दिसेल. आपल्या माणसाचे पाय तिथे थबकणारच. ती अमरावती आंध्रातली, कृष्णाकाठची. तिथल्या प्राचीन बौद्ध स्तूपाची पांढरी शिल्पं त्या दालनात आहेत. नावाने फसगत झाली तरी बाहेर पडू नका, अर्धा तास तिथे थांबा. बाबासाहेबांच्या वाटेने आलेल्या माणसाला बुद्धाच्या जीवनातले प्रसंग कोरलेले ते दगड परके वाटत नाहीत.

याच म्युझियमच्या मध्यभागी १८५७ साली उघडलेलं गोल वाचनालय आहे. बाबासाहेब १९२० साली लंडनला परतले ते सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातून शिल्लक टाकून, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांनी दिलेलं कर्ज घेऊन. सकाळी उघडल्यापासून ते इथे बसत आणि जेवणावरचा खर्चही टाळत, असं त्यांचे चरित्रकार लिहितात. इथून निघून ज्या ग्रेज इनमध्ये ते बॅरिस्टर झाले तिथे जा, तिथून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, जिथून १९२३ मध्ये त्यांनी डी.एस्सी. मिळवली. तिन्ही जागा पायी जोडता येतात, रमतगमत अर्ध्या दिवसाचं काम. खर्च शून्य. मग ट्रफाल्गर चौकातून २४ क्रमांकाच्या बसने कॅम्डेन टाउन आणि पुढे थोडी चाल, किंवा ट्यूबने चॉक फार्म. तिथून किंग हेन्रीज रोड जवळच. स्मारकाचे उघडण्याचे दिवस आणि वेळा आदल्या आठवड्यात पाहून घ्या, इतक्या लांबून येऊन बंद दार पाहणं फार जिव्हारी लागतं. घर पाहून झालं की शेजारच्या प्रिमरोज हिलच्या टेकडीवर चढा. सगळं लंडन समोर पसरलेलं असतं आणि संध्याकाळी साडेआठलाही उजेड असतो.

साउथ केन्सिंग्टनची तीन मोठी संग्रहालयं शेजारीशेजारी आहेत आणि तिन्ही फुकट. त्यांपैकी व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये वाघनखं पाहायची म्हणून जाणाऱ्यांना आधीच सांगतो, ती जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली आहेत. तिथे टिपूचा वाघ मात्र पाहता येईल. नॅशनल गॅलरी फुकट. पार्लमेंटमधली चर्चा प्रेक्षकांच्या सज्जातून ऐकायलाही पैसे नाहीत, फक्त रांगेत उभं राहावं लागतं. पैसे देऊन पाहायची एकच जागा निवडा. कोहिनूर पाहायचा असेल तर टॉवर ऑफ लंडन, माणशी ३५ पौंडांच्या आसपास.

जेवणाचं म्हणाल तर नळाचं पाणी निःशंक प्या, बाटली विकत घेऊ नका. सुपरमार्केटात सँडविच, फळ आणि पेय एकत्र चार-पाच पौंडांत मिळतं. युस्टन स्टेशनमागच्या ड्रमंड स्ट्रीटवर शाकाहारी भारतीय खाणावळी आहेत. घरून चिवडा, शेंगदाण्याची चटणी, ठेचा जरूर न्या. तूप, पेढे, खव्याची मिठाई, मांस नेऊ नका, भारतातून येणारे दुधाचे आणि मांसाचे पदार्थ तिकडे जप्त होतात.

दोघांचा, सात रात्रींचा हिशेब मांडू. पौंड १२० रुपयांचा धरू. व्हिसा २५४ पौंड, दुसऱ्या पट्ट्यातली खोली रोज ९० प्रमाणे ६३०, आठवड्याची बस ४९.४०, विमानतळाची जा-ये २३.२०, जेवण माणशी रोज १५ प्रमाणे २१०, टॉवर ७०. एकूण १,२३६.६० पौंड, म्हणजे सुमारे दीड लाख रुपये. त्यात विमानभाडं मिळवायचं. पाहा, निम्म्याहून जास्त पैसा एकट्या खोलीचा आहे. खोली रोज वीस पौंडांनी उतरवलीत तर १६,८०० रुपये वाचतात. जेवण निम्मं केलंत तर १२,६००, आणि वर आठवडाभर उपाशी.

परतीच्या दिवशी पिकॅडिली मार्गानेच निघा आणि हाउन्स्लोला उतरा. २०१० साली मुंबईच्या दोन मित्रांनी तिथे वडापावचं दुकान काढलं, मराठी पाहुण्यांची तिथे गर्दी असते. विमान मुंबईला दुपारी उतरत असेल तर त्याच संध्याकाळची अंबा मिळू शकते, पण मधे चार-पाच तास हवेत. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. विमानाचं तिकीट त्याआधीच काढलेलं असेल, म्हणून ती तारीख कॅलेंडरवर खूण करून ठेवा आणि परतीची बर्थ लंडनला निघण्यापूर्वीच हातात असू द्या.